कितीला पडली

अकरा वर्षं धावले सेमिनरी हिल्सवर.
जोडे झिजवले चौदा. नोंद आहे,
कारण ऑडिटमध्ये नोकरी गेली
आणि धावण्याचा हिशोब मला पटायचा :
एक पाऊल टाका, एक पाऊल पुढे जा.
उधारी नाही, सूट नाही.
चढावर दम बोलतो, उतारावर गुडघे.
फुकट काही मिळत नाही.

मग डेकाटे बदलून रायपूरला गेली.
डेकाटे म्हणजे पाच वाजता फाटकाबाहेरची शिट्टी.
एकटीनं धावले तेव्हा कळलं
की दोघी मिळून आम्ही धावायचो थोडं,
बाकी सगळं बोलणंच होतं.

एकोणपन्नासावं लागलं त्या आठवड्यात सायकल घेतली.
सदरच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
"आंटी, एका बोटानं उचलून पाहा."
उचलली, आणि भ्यायले :
इतकी हलकी वस्तू माझा भार कसा वाहणार?
घरी किंमत निम्मी सांगितली.
आयुष्यातलं पहिलं खोटं बिल.

ती गादी शिवलेली चड्डी दोरीवर वाळत टाकली
तर पिंपळखुटे वहिनी गच्चीवरून,
"कोणाचं ऑपरेशन झालं का वो?"

पहिला रविवार. काटोल नाका. सिग्नल लाल.
जोडा पेडलात अडकवलेला, आणि ते मी विसरलेली.
थांबले. थांबले म्हणून पडले,
हळूहळू, ओली भिंत कलते तशी,
सगळ्या चौकाला बघायला पुरेसा वेळ देऊन.
पोहेवाला तर्रीचा झारा घेऊनच धावला :
"काऊन वो म्याडम? चालत्या गाडीवरून पडते माणूस,
तुम्ही तं उभ्या गाडीवरून पडल्या!"
कोपर सोललं होतं.
त्यानं पोहे दिले, तर्री दोनदा वाढली,
पैसे मात्र पूर्ण घेतले. बरं वाटलं.

धावताना वारा म्हणजे नुसती हवा असायची.
फेटरीच्या पुढे तो माणूस झाला,
छातीवर हात टेकून मागे लोटणारा,
तहसीलमधल्या बाबूसारखा : आज नाही, उद्या या.
मागून पोरांचा घोळका आला, झुपकन पुढे गेला.
त्यातला एक रेंगाळला. रौनक डोंगरे, नंतर कळलं.
"मावशी, माझ्या चाकामागे लपा. वारा मी खातो."
दोन किलोमीटर मी एका अनोळखी पाठीमागे लपले.
तिच्यावर घामाचा नकाशा होता, बहुतेक छत्तीसगडचा.

परतताना, गोरेवाड्याच्या अलीकडे, तो उतार.
पाय थांबवले.
चाक थांबलं नाही.
टिकटिकटिकटिक, मागे कोणीतरी
नोटांची गड्डी मोजत असल्यासारखं,
आणि रस्ता आपणहून अंगाखालून निघालेला,
पळस, कुंपण, म्हशी, एक बंद पडलेला ट्रक.
पायांना काही कामच नव्हतं.
एक पुढे, एक मागे, नुसते बसले होते
बागेतल्या पेन्शनर नवराबायकोसारखे.

हे कोणाच्या खात्यातून येतंय?
सकाळी हाच चढ चढले, तो जमेला धरला
तरी आकडा जुळेना.
दिल्यापेक्षा जास्त मिळत होतं
आणि कुठे सही मागत नव्हतं कोणी.
अशा वेळी मी आक्षेपाचा शेरा मारते, लाल शाईनं.
बोटं ब्रेकवर होती.
एकेक करून उचलली.

गुरुवारी अजून धावते. तेवढं सुटत नाही.

काल रात्री डेकाटेला फोन लावला.
"गुडघा धरला काय गं तुझा?" ती म्हणाली.
म्हटलं, नाही, थांब, ऐक.
आणि व्हरांड्यात बसून, फोन मागच्या चाकाशी धरून
पेडल उलटं फिरवत राहिले.
टिकटिकटिकटिक.
रायपूरला बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग हळूच :
"कितीला पडली?"

तिला खरा आकडा सांगितला.